चितारलेला जुना पाट: आधी उलटा करून बघा

जुना चितारलेला पाट माळ्यावरून खाली आला की घरातलं कुणीतरी आधी ओलं फडकं घेऊन येतं. पाटाची खरी हानी त्या पहिल्या पाच मिनिटांत होते. वर्षानुवर्षं धुळीखाली तग धरून राहिलेला रंग फडक्याच्या दोन हातांत निघून जातो. फडक्यावर आलेला तांबूस-हिरवा मळ म्हणजे चिताऱ्याने काढलेली वेलबुट्टी होती, हे नंतर कळतं.

रंगवलेलं जुनं लाकडी सामान वाचवताना सगळ्यात महत्त्वाचा असतो तो कामाचा क्रम. सुटलेला रंग आधी जागच्या जागी चिकटवायचा. मग कीड थांबवायची. मग सांधे बघायचे. सफाई त्यानंतर. खड्डे भरणं आणि रंग लावणं सगळ्यात शेवटी, आणि तेही गरज असेल तरच. बहुतेक घरांत आणि बहुतेक पॉलिशवाल्यांकडे हा क्रम नेमका उलटा चालतो, म्हणून इथे प्रत्येक पायरीमागचं कारणही दिलं आहे.

उदाहरण म्हणून सावंतवाडीकडचं काम घेऊ. गंजिफासाठी, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांसाठी, ओळखल्या जाणाऱ्या या गावाची चितार आळी लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. त्याच हातांनी पाट, चौरंग, पाळणे, देव्हारेही रंगवले. दशावतारी गंजिफाचा डाव १२० पानांचा, दहा अवतारांची प्रत्येकी १२ पानं. पानांवरचे हेच गोल अवतार अनेकदा पाटाच्या कडेने किंवा चौरंगाच्या फळीवर फिरताना दिसतात. मागे पडलेल्या या कलेला १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात पुन्हा उभं केलं. दुरुस्तीच्या दृष्टीने हे लक्षात ठेवायला हवं, कारण जुन्या वस्तूत आणि अलीकडच्या वस्तूत रंग नि वरचा थर सारखा नसतो. अलीकडच्या कामात पोस्टर किंवा ॲक्रिलिक रंग आणि वरून फवारलेलं लॅकर आढळतं. त्यावर थिनर पडला तर चमक क्षणात विरघळते. जुन्या कामात मामला वेगळा असतो.

थर कसे असतात

सपाट फळीवरचं जुनं काम चार थरांचं समजा. तळाला लाकूड: फणस, आंबा, शिवण किंवा साग. त्यावर अस्तर, म्हणजे खडूची पूड सरसात (जनावरांच्या कातडी-हाडांपासूनच्या गोंदात) किंवा चिंचोक्याच्या खळीत कालवून दिलेला पांढरा लेप. त्यावर डिंकात किंवा सरसात खललेले रंग. सगळ्यात वर लाखेचा किंवा राळेचा चमकदार थर. यातले मधले दोन थर पाण्याला भितात. वरचा थर धड आहे तोवर पाणी आत जात नाही. पण त्याला बारीक तडे गेले की ओल थेट अस्तरात शिरते, अस्तर मऊ पडतं आणि रंग पापुद्र्यासारखा उठतो.

त्याच चौरंगाचे कातीव पाय मात्र पूर्ण निराळे असतात. तिथे अस्तर नसतं आणि कुंचलाही लागलेला नसतो. लाकूड कातावर (लेथवर) फिरत असताना रंगीत लाखेची कांडी त्यावर दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडाला धरते. म्हणजे एकाच चौरंगावर दोन वेगळे पृष्ठभाग. फळीला पाण्याची भीती, पायांना स्पिरिटची आणि उष्णतेची. एकच औषध दोघांना लावलं की एक तरी बिघडणारच.

मराठी घरांतून दिसणारे गुजरातेतल्या संखेड्याचे झोपाळे आणि खुर्च्या याच जातीचे. त्यांच्यावरची सोनेरी नक्षी सोन्याची नसते. ती कलईची असते, आणि वरच्या पिवळसर लाखेमुळे सोनेरी भासते. चमक आणायला म्हणून कुणी स्पिरिटचा बोळा फिरवला की लाख निघते, आणि सोन्याची वेल डोळ्यांदेखत चांदीची होते. ती परत सोनेरी करायला पुन्हा तशीच लाख चढवावी लागते, आणि घरी ते जमत नाही.

लाकूड हलतं, रंग हलत नाही

रंग उठतो तो म्हातारपणाने, असा समज आहे. खरं कारण बहुतेक वेळा लाकडाच्या हालचालीत असतं. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. तसं करताना ते लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत मात्र फुगतं आणि आकसतं. कोकणात पावसाळ्यात हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते, तेव्हा लाकडात १८ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. तोच पाट पुण्या-मुंबईच्या सतत एसी चालणाऱ्या खोलीत आला की ते ८-९ टक्क्यांवर येतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा ४० सेंटिमीटर रुंदीच्या फळीत या फरकाने सहा-सात मिलिमीटर आकसू शकतं. अमेरिकेतल्या हिवाळ्यात हीटर लावलेल्या घरात आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते, तिथे आणखी.

फळी आकसते तेव्हा वरचं कडक अस्तर तेवढं आकसू शकत नाही. मग ते रेषांच्या दिशेने छपरासारखं उभं राहतं. बोटाने दाबलं तर करकर आवाज येतो आणि पापुद्रा तुटतो. म्हणून बोटाने दाबून बघायचं नाही. दुसरी गोष्ट, पाटाखालच्या आडव्या पट्ट्या कुणी खिळे मारून किंवा गोंदाने घट्ट केल्या असतील तर फळीला आकसायला वाव राहत नाही आणि ती मधोमध चिरते. पूर्वीचे सुतार या पट्ट्या खाचेत नुसत्या सरकवत, ते यासाठीच.

आधी नुसतं बघायचं

पाट जाड चादरीवर ठेवा. चित्राच्या बाजूचे पापुद्रे सुटत असतील तर तो उलटा करू नका, दोन विटांवर टेकवून खालून टॉर्चने बघा. ज्याचा रंग घट्ट आहे तो पाट मात्र आधी उलटाच करा, कारण खालची बाजू खोटं बोलत नाही. लाकूड कोणतं, करवत हाताची की यंत्राची, खिळे मूळचे की नंतरचे, किडीची भोकं किती, ओल कुठून चढली, हे सगळं तिथे उघडं दिसतं. हाताने रंधलेल्या फळीवर तळवा फिरवला की उथळ लाटा लागतात. यंत्राच्या फळीवर एकसारखी बारीक पट्टेदार खूण असते.

मग खोलीत अंधार करून टॉर्च फळीला जवळजवळ समांतर धरा. समोरून सपाट वाटणारा रंग बाजूच्या प्रकाशात कसा उठला आहे ते कळतं, कारण प्रत्येक पापुद्र्याची सावली पडते. असे फोटो चारही बाजूंनी काढून ठेवा. त्यांची प्रिंट काढून तिच्यावर लाल पेनाने उठलेल्या जागा मांडल्या की काम कुठून कुठे करायचं याचा नकाशा तयार होतो.

३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च हल्ली सहज मिळते. तिच्या प्रकाशात लाखेचा थर नारिंगी चमकतो, जुनी राळ हिरवट-पिवळी दिसते आणि नंतर केलेलं रंगकाम बहुधा काळे डाग होऊन उठून दिसतं. डोळ्यांवर अतिनील किरण अडवणारा चष्मा हवा, आणि टॉर्च कुणाच्या चेहऱ्याकडे धरू नये.

इथेच विषाचं बोलायला हवं. जुन्या रंगांतला पिवळा हरताळ म्हणजे आर्सेनिक, लाल हिंगूळ म्हणजे पारा, शेंदूर आणि पांढरा सफेदा म्हणजे शिसं. रंग जागेवर आहे तोवर घाबरायचं कारण नाही. पण पॉलिशपेपर फिरवला की हीच विषं धूळ होऊन नाकात जातात. म्हणून जुन्या रंगावर पॉलिशपेपर कधीच नाही, हीट गन नाही, आणि नुसती धूळ काढतानाही एन-९५ मास्क आणि हातमोजे हवेत. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नको. पाळणा असेल तर त्यात पुन्हा बाळ निजवू नये. मूल कठडा चावतं, आणि कठड्यावर शेंदूर असू शकतो.

सुटलेला रंग धरून ठेवणं

ही सगळ्यात नाजूक पायरी आणि सगळ्यात हळू चालणारी. पाटावर तळहाताएवढ्या जागेहून जास्त रंग उठला असेल तर काम संवर्धकाकडे, म्हणजे जुन्या कलावस्तू शास्त्रीय पद्धतीने जतन करणाऱ्याकडे, द्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, लखनौला सांस्कृतिक वस्तूंच्या जतनासाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे, वारसा जपणाऱ्या इन्टॅक या संस्थेच्याही प्रयोगशाळा आहेत. थोडीच जागा असेल तर काय आणि का करायचं ते समजून घ्या.

दोन चिकटद्रव्यं कामाची आहेत. पहिलं जिलेटिन. ३ ग्रॅम जिलेटिन १०० मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायचं, मग भांडं गरम पाण्यात ठेवून ५० अंशांपर्यंत तापवायचं. उकळलं तर त्याचा चिकटपणा जातो. याचा फायदा असा की लाख पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे वरच्या थराला धक्का लागत नाही. तोटा असा की कोकणातल्या दमट घरात जिलेटिनवर बुरशी येऊ शकते. दुसरं पॅरालॉइड बी-७२, हे ॲक्रिलिक रेझिन, टोल्युइनमध्ये ५ टक्के. त्यावर बुरशी येत नाही, शिवाय टोल्युइन लाखेला विरघळवत नाही. हेच रेझिन ॲसिटोनमध्ये घेण्याचा सल्ला पुष्कळदा मिळतो, पण ॲसिटोन लाखेला मऊ करतं आणि इतकं झटकन उडतं की रेझिन आत न जाता वरच चकचकीत डाग पाडतं. टोल्युइनची वाफ घातक असते. सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि उघडी हवा नसेल तर ते हाताळू नये. आणखी एक गोष्ट: बी-७२ साधारण ४० अंशांना मऊ पडायला लागतं. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर परत जाणाऱ्या वस्तूला ते चालणार नाही, धूळ त्यात रुतून बसेल. कोकणातल्या घरात सावलीत राहणाऱ्या पाटाला बी-७२, शहरातल्या कोरड्या खोलीत राहणाऱ्याला जिलेटिन, असा ढोबळ निवाडा करता येतो. पण डिंकाचा रंग उघडा पडला असेल तर जिलेटिनमधल्या पाण्यानेही तो सुटू शकतो, म्हणून कडेला एका टोकावर बघूनच पुढे जायचं.

काम असं चालतं. शून्य नंबरच्या कुंचल्याने द्रवाचा एक थेंब पापुद्र्याच्या कडेला टेकवायचा, वर नाही. केशाकर्षणाने तो स्वतःच आत खेचला जातो. पापुद्रा उभाच्या उभा असेल तर त्यावर आधी जपानी टिश्यूचा (पातळ पण चिवट कागदाचा) नखाएवढा तुकडा ठेवून टिश्यूवरूनच द्रव द्यायचा, म्हणजे तुकडा तुटला तरी हरवत नाही. दोन-तीन मिनिटांनी पापुद्रा मऊ पडतो. मग सिलिकॉनचा (न चिकटणारा) कागद ठेवून त्यावरून बोटाच्या पेराने हलकेच खाली बसवायचा. अजिबात न वाकणाऱ्या तुकड्याला ४५-५० अंशांचा छोटा तापता चमचा (विजेवर तापणारी चपटी पट्टी) लागतो. त्याहून जास्त उष्णता नको, ६५-७० अंशांच्या पुढे लाख मऊ होऊन कागदाला चिकटते. घरातली इस्त्री मंद ठेवली तरी यापेक्षा खूप तापलेली असते. बसवलेल्या जागेवर सिलिकॉन कागद आणि त्यावर वाळूची लहान पिशवी रात्रभर ठेवायची.

बसवलेला तुकडा सकाळी पुन्हा उठला असेल तर जोर वाढवून उपयोग नाही. लाकूड आकसल्याने त्या तुकड्याला आता पूर्वीएवढी जागा उरलेली नसते. त्याला थोडं उंच ठेवून खालून आधार देणं एवढंच योग्य. सपाट करण्याच्या हट्टाने पापुद्र्यावर पापुद्रा चढतो.

कीड

आंबा, पांगारा, सागाचं पांढरं लाकूड यांत पिष्ट भरपूर, म्हणून भुंग्याची अळी तिथे राहते. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं आणि टाल्कम पावडरीसारखं मऊ पीठ ही तिची खूण. भोकं दिसली म्हणजे कीड जिवंत आहे असं नाही, ते भुंगा बाहेर पडून गेल्याचे दरवाजे असतात. पाट काळ्या कागदावर ठेवा, सगळी जुनी भोकं खडूने खुणा करून घ्या आणि पंधरा दिवस हात लावू नका. कागदावर ताजं पीठ पडलं किंवा खूण नसलेलं भोक दिसलं तर कीड चालू आहे.

आता काय करायचं नाही ते आधी. रॉकेल ओतायचं नाही, ते लाकडातून वर चढून रंगावर तेलकट डाग पाडतं. उन्हात तापवायचं नाही, अळी मरण्याआधी रंग उठतो. धान्यात ठेवायच्या फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरायच्या नाहीत. त्यांच्या वायूने माणसं दगावतात.

रंगवलेल्या वस्तूला सगळ्यात सुरक्षित उपाय म्हणजे तिचा प्राणवायू काढून घेणं. ॲल्युमिनियमचा थर असलेल्या जाड फिल्मची पिशवी शिवायची, म्हणजे तापत्या पट्टीने कडा बंद करायच्या. आत प्राणवायू शोषणाऱ्या पुड्या ठेवायच्या. साधी पॉलिथिन पिशवी चालत नाही, तिच्यातून प्राणवायू आरपार जातो. पुड्यांचा हिशेब सोपा आहे. पाट आत ठेवून, शक्य तितकी हवा दाबून काढल्यावर पिशवीत समजा २० लिटर हवा उरली. तिच्यात २१ टक्के, म्हणजे ४.२ लिटर प्राणवायू. २००० मिलिलिटर शोषणाऱ्या तीन पुड्या हिशेबाने पुरतात, पण पिशवीतून थोडी गळती होतेच, म्हणून दुप्पट, सहा घ्यायच्या. पुड्या काम करताना गरम होतात, त्या रंगाला टेकू द्यायच्या नाहीत. सोबत प्राणवायू दाखवणारी गोळी खिडकीसारख्या पारदर्शक भागाजवळ ठेवायची. ती गुलाबी राहिली तर ठीक, निळी झाली तर पिशवी गळते आहे. २५ ते ३० अंशांत २१ दिवस. थंडीत अळी मंद श्वास घेते, तेव्हा मुदत वाढवावी लागते. या उपायाने आजची कीड मरते, उद्याची येणं थांबत नाही. म्हणून दर पावसाळ्यानंतर काळा कागद पुन्हा.

वाळवी हा वेगळा विषय. ती भिंतीतून किंवा जमिनीतून येते, तिचा बंदोबस्त घरात करायचा असतो, पाटात नाही.

सांधे

डुगडुगणाऱ्या चौरंगाला खिळा ठोकणं हा सगळ्यात महाग शॉर्टकट. जुने सांधे कुसू (एका लाकडाचं बारीक केलेलं टोक) आणि ते ज्यात बसतं ते भोक असे असतात, सरसाने चिकटवलेले. सरस गरम पाण्याने सुटतो आणि त्याचं मोल याच गुणात आहे. सिरिंजने ६० अंशांचं पाणी सांध्यात थेंबथेंब सोडा, रंगाकडे ओघळ जाऊ नये म्हणून खाली कापूस धरा, दहा मिनिटं थांबा आणि सांधा हळूच हलवून काढा. प्रत्येक पायाला नि भोकाला कागदी चिठ्ठीने नंबर द्या. हाताने कातलेले चारही पाय वेगवेगळे असतात, एक पाय दुसऱ्या भोकात नीट बसत नाही.

परत जोडायलाही सरसच. एक भाग सरस दोन भाग पाण्यात रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून ६० अंशांना वितळवायचा. कुसू बारीक झालं असेल तर त्याच जातीच्या लाकडाचा पातळ काप आधी त्याला चिकटवून वाळवायचा, मग घासून बसवायचा. पांढरा गोंद टाळावा. तो एकदा धरला की पुढच्या दुरुस्तीच्या वेळी सांधा सुटण्याऐवजी लाकूड फाटतं.

फळीला गेलेली चीर एपॉक्सीने किंवा लांबीने (पुटीने) भरू नका. पावसाळ्यात फळी फुगते, चिरेतला दगडासारखा ऐवज तिला मिटू देत नाही आणि शेजारी नवी चीर पडते. आरपार दिसणारी चीर खटकत असेल तर त्याच लाकडाची पातळ पट्टी एकाच बाजूला चिकटवून बसवा, दुसरी बाजू मोकळी.

आता सफाई

आधी कोरडी. खारीच्या केसांचा मऊ कुंचला एका हातात, व्हॅक्युमची नळी दुसऱ्या हातात. नळीच्या तोंडावर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा रबरबँडने बांधा, म्हणजे सुटलेला रंगाचा कण आत न जाता जाळीवर अडकेल. नळी फळीपासून चार बोटं दूर. धूळ कुंचल्याने नळीकडे ढकलायची, नळी रंगावर टेकवायची नाही.

ओल्या सफाईआधी प्रत्येक रंगाची परीक्षा घ्यायची. लाल टिकला म्हणून हिरवा टिकेल असं नसतं. बांबूच्या काडीवर कापूस गुंडाळा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून टिपकागदावर दाबा, आणि कडेला, मुगाच्या दाण्याएवढ्या जागेवर फिरवा. फिरवा म्हणजे लाटण्यासारखा फिरवा, घासू नका. कापसावर करडा किंवा तपकिरी मळ आला तर पुढे जा. रंग आला तर त्या रंगावर पाणी बंद. मग तिथे मिनरल टर्पेंटाइन तसंच तपासायचं. देव्हाऱ्यावरचा दिव्याच्या काजळीचा तेलकट थर त्याने पुष्कळसा सुटतो, आणि डिंकाच्या रंगाला ते सहसा त्रास देत नाही.

जगभरचे संवर्धक असा मळ काढायला थुंकी वापरतात, तिच्यातल्या पाचक रसामुळे मळ सुटतो. देव्हाऱ्यावर ते कुणाला रुचणार नाही, आणि रुचावं असा आग्रहही नको. त्याऐवजी ट्रायअमोनियम सायट्रेटचं १ टक्का द्रावण जवळपास तेच काम करतं. मागून साध्या डिस्टिल्ड पाण्याचा बोळा फिरवून ते काढून घ्यायचं.

घरगुती उपायांत सोडा, राख, भांड्यांचा साबण आणि पॉलिशवाल्याचं स्पिरिट हे चौघे लाखेचे वैरी. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते हे बहुतेकांना माहीत असतं. ती क्षारातही विरघळते हे माहीत नसतं, आणि सोडा-राख-साबण क्षारच. लिंबू आणि चिंच पितळेला ठीक, पण त्यांच्यातलं आम्ल खडूचं अस्तर खातं.

सफाई कुठे थांबवायची, हाही निर्णय आहे. पाटाच्या मधोमध हळदकुंकवाचे डाग असतील तर ते मळ म्हणून काढून टाकण्यात शहाणपण नाही. ते त्या पाटाच्या वापराचा पुरावा आहेत. बाजूची वेल वाचता येईल इतकी स्वच्छ झाली की थांबावं.

कुणी मागे ऑइलपेंटचा हात मारला असेल तर रसायनाने तो काढायला जाऊ नका, काढणारं रसायन खालचं आधी नेतं. ऑइलपेंट जुन्या गुळगुळीत लाखेला घट्ट धरत नाही, याचा फायदा घ्यायचा. भिंगाखाली, १५ नंबरच्या सर्जिकल ब्लेडने, पातं जवळजवळ आडवं धरून कडेपासून वरचा थर कपचीसारखा उचलायचा. दिवसभरात तळहाताएवढी जागा झाली तरी ते चांगलं काम. कपचीबरोबर खालचा रंग निघू लागला की त्याच क्षणी थांबायचं. तिथे ऑइलपेंट तसाच राहू दे.

भरणं आणि रंगवणं

गेलेला रंग परत काढायचा मोह आवरण्यात खरी परीक्षा आहे. समजा दशावतारांच्या पट्टीत पाचवं चित्र पुसलं गेलं. क्रमावरून तो वामन हे ठाऊक आहे. पण या चिताऱ्याने छत्री कुठल्या हातात दिली, कमंडलू कसा काढला, हे कुठे लिहिलेलं नाही. नवा वामन काढला तर तो आपला होईल, त्याचा नाही. अशा जागी आजूबाजूच्या रंगाशी मिळतीजुळती, थोडी फिकी सपाट छटा पुरे. लांबून डोळा अडखळत नाही, जवळून बघणाऱ्याला कळतं की इथलं गेलं आहे. वेलीची तुटलेली रेघ मात्र दोन्ही टोकं दिसत असतील तर जोडायला हरकत नाही.

खड्डा भरायचा तर ७ टक्के जिलेटिनमध्ये कापडातून चाळलेली खडूची पूड, दह्याच्या सायीइतकी दाट. पातळ थर, वाळू द्या, पुन्हा पातळ थर. एकदम जाड भरलं की वाळताना तडकतं. किंचित ओलसर बुचाने घासून पातळीला आणा, आणि हे घासणं खड्ड्याच्या आतच, शेजारच्या मूळ रंगावर नाही. वर रंग ट्यूबमधले जलरंग. चमक हवी असेल तर रंगाची कोरडी पूड बी-७२ मध्ये. नवा रंग जुन्या रंगावर एक केसभरही चढता कामा नये.

शेवटचा हात म्हणून पॉलियुरेथेनचं चकचकीत कोटिंग देऊ नका. ते काही वर्षांत पिवळं पडतं आणि काढायला घासण्यावाचून इलाज राहत नाही. कातीव पायांवर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात देऊन सुती कापडाने पुसून घेणं एवढं चालतं. वरचा थर गेलेल्या उघड्या रंगावर मेणसुद्धा नको, रंग कायमचा गडद होतो.

ठेवायचं कुठे, न्यायचं कसं

पाट पूजेत वापरायचाच असेल तर चित्रावर ताम्हन, समई किंवा ओली मूर्ती थेट ठेवू नका. वर सैल बसणारी साधी फळी ठेवा, खाली चार कोपऱ्यांना फेल्टचे तुकडे. ॲक्रिलिकची पारदर्शक पट्टी वर टाकायची कल्पना अनेकांना सुचते. ॲक्रिलिकवर स्थिर वीज साठते आणि सुटा रंग ती अक्षरशः ओढून घेते. भिंतीवर लावायचा असेल तर बाहेरच्या भिंतीला नको, तिच्यातून ओल येते. घराच्या आतल्या भिंतीवर, मागे दोन बोटं हवा खेळती ठेवून. आर्द्रता ५० ते ६० टक्के आदर्श, पण कोकणात ६५-७० टक्के स्थिर असेल तर तेही बरं. आकड्यापेक्षा चढउतार जास्त मारतो. रात्री एसी, दिवसा उघडी खिडकी, हे रोज चाललं तर पाटाला दोन्हींतलं काहीच मानवत नाही.

कोकणातून शहरात न्यायचा असेल तर पावसाळ्याच्या तोंडी किंवा पावसाळ्यातच न्यावा असं वाटतं, पण ती वेळ सगळ्यात वाईट, कारण लाकूड तेव्हा फुगलेलं असतं आणि कोरड्या खोलीत एकदम आकसतं. डिसेंबर-जानेवारीत नेला तर झेप कमी पडते. गुंडाळताना रंगाला आधी सिलिकॉन कागद, मग सुती चादर, त्यावर बबल रॅप. बबल रंगाला थेट लागला तर गोल खुणा उमटतात. नव्या घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. दोन आठवडे गुंडाळलेलाच राहू द्या, मग दोन दिवस नुसती चादर, मग मोकळा.

परदेशी न्यायचा असेल तर आधी वय बघा. १९७२च्या पुरावशेष आणि कलासंपदा कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, मग ती स्वतःच्या पणजीची का असेना. वस्तू तेवढी जुनी नसेल तर तसं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतं. ते विमानतळावर गेल्यावर नव्हे, तर तिकीट काढायच्या आधी घ्यायचं. त्या अर्जाला जोडायला पाटाच्या खालच्या बाजूचाही स्वच्छ फोटो काढून ठेवा.